पन्नासची की पंचाहत्तरची? एका छोट्या गोळीचा सव्वाशे वर्षांचा हिशेब



आजचा विषय एका पत्रातून आला. टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. त्यांचं नाव सांगत नाही, पण पत्रातला मजकूर त्यांच्या परवानगीनं सांगते. ताईंना तीन वर्षांपूर्वी थायरॉईडचा त्रास निघाला. रोज 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. पण ताई लिहितात, "सकाळी उठतानाच दमलेली असते. केस हातात येतात. मे महिन्यातही मला स्वेटर लागतो. यांना सांगितलं तर हे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग आता काय?" मागच्या वसंतात साताऱ्याहून आई आल्या होत्या. जाताना त्यांनी आपल्या 100 च्या गोळ्यांची अर्धी बाटली लेकीजवळ ठेवली. "माझी शंभरची आहे, तुझी पन्नासचीच. वाढव थोडी, बरं वाटेल." ती बाटली आता स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. ताईंचा प्रश्न सरळ आहे, "मी ती घेऊ का?"

मी डॉक्टर नाही. त्यामुळे "ती बाटली उघडू नका" एवढंच उत्तर मी लगेच देऊ शकते. पण प्रश्न तिथे संपत नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस मात्र बरा नाही, असं का होतं? डोस बरोबर आहे हे ठरवायचं कुणी, कागदानं की अंगानं? हा प्रश्न ताईंच्या आधी सव्वाशे वर्षं लोक विचारत आलेत. आणि त्या गोष्टीतली काही महत्त्वाची पानं इथे, जपानमध्येच लिहिली गेली आहेत. आज तीच उलटून पाहू.

सुरुवात मिए प्रांतातल्या इगा भागापासून. निन्जांचं गाव म्हणून मुलांना घेऊन आपण इगाला जातो ना, तोच हा भाग. तिथल्या एका पिढीजात वैद्यांच्या घरात 5 मे 1881 रोजी हाकारु हाशिमोतो यांचा जन्म झाला. फुकुओकाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या क्यूशू विद्यापीठातून, ते 1907 मध्ये डॉक्टर झाले आणि तिथेच प्राध्यापक हायारी मियाके यांच्या हाताखाली शस्त्रक्रिया विभागात काम करू लागले. हे मियाके म्हणजे 1922 मध्ये आइन्स्टाइन जहाजानं जपानला येत असताना वाटेत आजारी पडले, तेव्हा त्यांना तपासणारे डॉक्टर.

तरुण हाशिमोतोंपुढे चार बायकांचे नमुने आले. चौघींचीही चाळिशी उलटलेली, चौघींच्या गळ्याला सूज. थायरॉईड म्हणजे गळ्यात, कंठमण्याच्या जरा खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी; पुस्तकी मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, जपानीत कोजोसेन. शस्त्रक्रियेत काढलेला या ग्रंथीचा भाग हाशिमोतोंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथे त्यांना पांढऱ्या पेशींची दाट गर्दी दिसली. एरवी या पेशी जंतूंशी लढायला धावतात. इथे जंतू नव्हते, तरी फौज ग्रंथीत ठाण मांडून बसली होती. 1912 मध्ये त्यांनी हे सगळं जर्मन भाषेत, एका जर्मन शस्त्रक्रिया नियतकालिकात तीस पानांत मांडलं. तेव्हा ते जेमतेम तिशीत होते.

त्या लेखाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. हाशिमोतो शिकायला जर्मनीला गेले, पहिलं महायुद्ध पेटलं, परतावं लागलं. पुढे ते गावी घरचा दवाखाना चालवू लागले. 9 जानेवारी 1934 रोजी टायफॉईडनं त्यांचं निधन झालं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्यांच्या नावानं आजार ओळखला जाऊ लागला तो साधारण त्याच दशकात. आणि फौज घरच्याच ग्रंथीवर का उलटते, याचा धागा हाती लागला तो 1956 मध्ये. लंडनच्या आयव्हन रोइट, डेबोरा डोनिआक आणि सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं सापडली.

आज जपानी डॉक्टर "हाशिमोतो-ब्यो" म्हणतात, आपल्याकडचे "हाशिमोतो" म्हणतात. क्यूशू विद्यापीठाच्या वैद्यकीय आवारात एका रस्त्यालाही त्यांचं नाव आहे. ताईंच्या जपानी कागदावरही हेच नाव आहे. थायरॉईड मंद होण्याचं हे जगातलं एक मोठं कारण. हाशिमोतोंनी आजार दाखवला, पण त्यावर द्यायचं औषध कुठून आलं? त्यासाठी आपल्याला इंग्लंडला जावं लागेल, आणि वीस वर्षं मागे.

(संगीत)

1891 साल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरपुढे 46 वर्षांची एक बाई होती. अंग सुजलेलं, बोलणं संथ, थंडी सोसेना, मन मंदावलेलं. मरेंनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून तिला टोचायला सुरुवात केली. काही महिन्यांत ती पुन्हा बोलती, चालती झाली. पुढच्याच वर्षी इतर डॉक्टरांनी दाखवून दिलं की सुई नको, ग्रंथी पोटात घेतली तरी चालते. ती बाई 1919 पर्यंत, म्हणजे उपचारानंतर 28 वर्षं जगली. तेवढ्या काळात तिला 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

आता विचार करा, तिला रोज किती द्यायचं हे मरेंना कसं कळत असेल? रक्ताची तपासणी नव्हती. मरे तिच्याकडे पाहत. सूज उतरली का, त्वचा मऊ झाली का, नाडी किती, झोप कशी. छाती धडधडली तर कमी करायचं, पुन्हा जडपणा आला तर वाढवायचं. म्हणजे पहिली पन्नाससाठ वर्षं डोस ठरवायची मोजपट्टी होती रोगी माणूस स्वतः.

यात एक अडचण होती. मेंढी, डुक्कर, गाय यांच्या वाळवलेल्या ग्रंथीची भुकटी प्रत्येक वेळी सारखीच तेज नसते. आजची गोळी जोरदार, पुढच्या बाटलीतली नरम. म्हणून शास्त्रज्ञ त्या ग्रंथीतलं नेमकं द्रव्य शोधत होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांना ते 1914 च्या नाताळच्या दिवशी शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळालं. थायरॉक्सिन. सुमारे तीन टन डुकराच्या ग्रंथींतून हाती लागलं 33 ग्रॅम! त्याची खरी रचना चार्ल्स हॅरिंग्टन यांनी लंडनमध्ये 1926 मध्ये उलगडली, आणि पुढच्या वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही करून दाखवलं. गोळीच्या रूपात हे कृत्रिम थायरॉक्सिन रुळलं ते 1950 नंतर.

जपानमध्येही याच वाटेनं औषध आलं. इथे थायरॉईडसाठी खास रुग्णालयं फार लवकर उभी राहिली. बेप्पूला नोगुची 1922 मध्ये, कोबेला कुमा 1932 मध्ये, टोकियोत ओमोतेसांदोला इतो 1937 मध्ये. तिन्ही आजही चालू आहेत. इथे मिळणाऱ्या "चिराजिन एस" या गोळीतला एस म्हणजे सिंथेटिक, कृत्रिम. आपल्याकडच्या गोळ्या वेगळ्या नावांनी येतात, पण आत द्रव्य एकच, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजेच टी-फोर.

द्रव्य शुद्ध झालं, पण डोस ठरवायचा कसा हा प्रश्न तसाच राहिला. डॉक्टर रोग्याला सकाळी उपाशी पोटी निजवून तोंडाला नळी लावत आणि तो किती प्राणवायू वापरतो ते मोजत. त्यावरून शरीराची भट्टी किती पेटली आहे याचा अंदाज. आदल्या रात्री झोप लागली नाही, किंवा नळीचीच भीती वाटली, तर आकडा चुकायचा. त्या काळात 200, 300, काही वेळा 400 मायक्रोग्रॅमही सर्रास देत. आजच्या मानानं दुप्पट-तिप्पट.

मग 1960 च्या दशकाच्या मध्याला रक्तातला टीएसएच मोजता येऊ लागला. हे टीएसएच म्हणजे काय? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. ती थायरॉईडला हाक मारते, "काम कर." थायरॉईड ढिम्म राहिली तर ती आवाज वाढवते. काम पुरेसं झालं की आवाज उतरवते. टीएसएच हा त्या हाकेचा आवाज. म्हणून थायरॉईड मंद असली की टीएसएच वाढलेला दिसतो, आणि गोळी जास्त झाली की तो तळाला जातो. पुढच्या वीस वर्षांत ही तपासणी इतकी बारीक झाली की तळाचे आकडेही नीट वाचता येऊ लागले.

तेव्हा एक गोष्ट उघड झाली. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या कितीतरी लोकांना ती गरजेपेक्षा जास्त दिली जात होती. यात धोका होता. 1994 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच अगदी तळाला होता, त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत हृदयाचे ठोके बेताल होण्याचं प्रमाण तिप्पट होतं. हाडंही ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची. म्हणून जगभर डोस खाली आले. थायरॉईडचं काम जवळजवळ थांबलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. ज्यांची ग्रंथी अजून थोडं काम करते त्यांना त्याहून कमी. ताईंची पन्नासची आणि आईंची शंभरची, यात चूक काहीच नाही. दोघींच्या ग्रंथी वेगळ्या, वजनं वेगळी, वयं वेगळी.

टीएसएचनं अनेकांची हृदयं वाचवली, हे आधी मान्य करू. पण त्याबरोबर एक बदल झाला. मरेंच्या काळात डॉक्टर रोग्याकडे बघून डोस ठरवत. आता कागदाकडे बघून ठरू लागला. आकडा चौकटीत बसला की विषय संपला. आणि ज्यांचा आकडा चौकटीत होता पण अंगाचा जडपणा जात नव्हता, त्यांना पहिल्यांदाच ऐकावं लागलं, "तुम्हाला काही झालेलं नाही." ताईंच्या घरात आज जे वाक्य बोललं जातं, त्याचा जन्म इथला आहे.

(संगीत)

अशी माणसं मूठभर नाहीत. औषध घेणाऱ्या दर शंभरातल्या पाच ते दहा जणांना आकडे जुळल्यावरही त्रास जाणवत राहतो, असा अंदाज तज्ज्ञ देतात. त्यांचं म्हणणं शास्त्रानं नंतर गंभीरपणे घेतलं, आणि ती कहाणी वळणावळणाची आहे.

थायरॉईडमध्ये टी-फोरबरोबर टी-थ्री नावाचं दुसरं द्रव्यही असतं. ते 1952 मध्ये लंडनला सापडलं. पेशींवर खरं काम करतं ते टी-थ्रीच. 1970 मध्ये सिद्ध झालं की थायरॉईड नसलेल्या माणसाचं शरीरसुद्धा टी-फोरपासून टी-थ्री स्वतः बनवतं. डॉक्टरांना हायसं वाटलं. एक गोळी द्या, उरलेलं शरीर बघून घेईल. 1999 मध्ये लिथुआनियातल्या 33 रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. थोडी टी-फोर कमी करून त्या जागी टी-थ्री दिल्यावर त्यांना जास्त बरं वाटलं. जगभरातल्या रुग्णांच्या आशा वाढल्या. पण 2006 मध्ये अशा 11 चाचण्यांतल्या 1216 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दोन्ही द्रव्यं एकत्र देण्याचा सरसकट फायदा दिसला नाही.

मग रुग्ण उगाचच म्हणत होते का? इथे पुन्हा जपान येतं. कोबेच्या कुमा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये 135 रुग्णांची माहिती मांडली. कर्करोगामुळे या सगळ्यांची थायरॉईड पूर्ण काढलेली होती. शस्त्रक्रियेपूर्वीचं त्यांचं स्वतःचं टी-थ्री डॉक्टरांकडे नोंदवलेलं होतं. म्हणजे प्रत्येकाची तुलना दुसऱ्या कुणाशी नव्हती, स्वतःशीच होती. गोळी सुरू झाल्यावर ज्यांचा टीएसएच छान नॉर्मल होता, त्यांचं टी-थ्री मात्र पूर्वीपेक्षा कमी भरलं. पूर्वीइतकं टी-थ्री आलं ते ज्यांचा टीएसएच किंचित खाली ठेवला होता त्यांच्यात. ज्यांची ग्रंथी शाबूत आहे अशा हाशिमोतोच्या रुग्णाला हे जसंच्या तसं लागू करता येत नाही. पण एक गोष्ट यातून ठरली. चौकटीतला आकडा म्हणजे त्या माणसाचा पूर्वीचा आकडा असेलच असं नाही.

आणि आता दुसरी बाजू, जी ऐकायला जरा कडू आहे. 2018 मध्ये अमेरिकेत 138 रुग्णांवर एक चाचणी झाली. गोळीचा डोस कुणाचा थोडा वाढवला, कुणाचा कमी केला, कुणाचा तसाच ठेवला, आणि कुणालाच सांगितलं नाही. सहा महिन्यांनी मन, स्मरण, उत्साह, वजन सगळं तपासलं. गटागटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपला डोस वाढला की घटला हेही लोकांना नीट ओळखता आलं नाही. पण ज्यांना वाटलं की आपला डोस वाढवलाय, त्यांना तोच हवासा वाटला. औषध वाढलं या विश्वासानंही माणसाला बरं वाटतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की डोस थोडा वाढवणं हे थकव्याचं हमखास उत्तर नाही.

म्हणजे त्रास खरा आहे, आणि तरीही डोस वाढवून तो जाईलच असं नाही. मग शोधायचं कुठे? जपानमध्ये राहणाऱ्यांसाठी एक उत्तर आपल्या ताटात आहे.

आपण वाढलो ते आयोडीनयुक्त मिठावर. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी आयोडीनच्या अभावानं गलगंड घरोघरी होता. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात मीठ सुधारून तो कमी होतो हे दाखवलं, आणि 1962 मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की आयोडीन थायरॉईडला चांगलं. जपानमध्ये नेमकं उलटं घडलं. 1965 मध्ये होक्काइदोच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतल्या गलगंडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे गलगंड होता आयोडीन जास्त झाल्यामुळे! ही माणसं रोज भरपूर कोंबु, म्हणजे समुद्रातलं ते जाड काळसर शेवाळ, खात होती. पुढे 1986 मध्ये डॉ. ताजिरी आणि सहकाऱ्यांनी थायरॉईड मंदावलेल्या, आयोडीन भरपूर खाणाऱ्या 22 जणांना काही आठवडे आयोडीन वर्ज्य करायला सांगितलं. त्यातल्या 12 जणांची थायरॉईड गोळीविना पूर्ववत झाली.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. एक ग्रॅम सुक्या कोंबुत त्याच्या दहापटीहून जास्त असू शकतं. आपण शाकाहारी घरं मासळीची दाशी नको म्हणून मुद्दाम कोंबुची दाशी घेतो! हिवाळ्यात घसा धरला की लालसर आयोडीनच्या औषधानं गुळण्याही करतो. निरोगी ग्रंथी हा मारा सहन करते. हाशिमोतोनं आधीच दमलेली ग्रंथी कधी कधी संप करते. नोरीचा एखादा तुकडा किंवा मिसो सूपमधलं थोडं वाकामे यानं घाबरायचं कारण नाही. रोजचा कोंबु मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावा. आणि एकदम बंद केलात तरी सांगावं, कारण मग तीच गोळी जास्त ठरू शकते.

दुसरं उत्तर घड्याळात आहे. ही गोळी पोटात मोकळी जागा मागते. आपण ती सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर घेतो, त्यावर पोहे, त्यावर डॉक्टरांनी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पुरतं उतरत नाही. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. सोयाबीनचे पदार्थ आणि ॲसिडिटीच्या गोळ्याही आड येतात. इथल्या औषधाच्या पाकिटावर पुष्कळदा "नाश्त्यानंतर" असं छापलेलं असतं. तेच चालू असेल तर रोज तसंच घ्यावं, एक दिवस आधी आणि एक दिवस नंतर असं करू नये. उपाशी पोटी किंवा रात्री झोपताना घेतली तर चालेल का, हे विचारता येतं. नेदरलंड्समध्ये 2010 मध्ये दिसलं की झोपताना घेतलेली गोळी रक्तात जास्त चांगली उतरते.

तिसरं उत्तर थायरॉईडच्या बाहेर आहे. थकवा, केस गळणं, थंडी, विसरभोळेपणा ही लक्षणं केवळ थायरॉईडच्या मालकीची नाहीत. अंगात लोह कमी असलं की हेच होतं. बी-12 कमी असलं की हेच. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता नेहमीची आहे. हाशिमोतो असलेल्यांना पोटाच्या अस्तराचाही असाच स्वतःवर उलटलेला आजार असण्याची शक्यता जास्त, त्यातूनही बी-12 घटतं. झोपेतलं घोरणं, पाळी जाण्याचा काळ, परदेशातला एकटेपणा आणि उदासी, हेही. थायरॉईडचा कागद नॉर्मल आहे याचा अर्थ एवढाच की आता बाकीचे दरवाजे वाजवून पाहायचे. त्या कागदावर "तुम्हाला काही झालेलं नाही" असं कुठेच लिहिलेलं नसतं.

(संगीत)

एक शेवटचं पान, आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेलं. 11 मार्च 2011. भूकंपानं फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी शहरातल्या एका औषध कारखान्याचं नुकसान झालं, आणि तेव्हा लोकांना कळलं की देशातलं सुमारे 98 टक्के लेव्होथायरॉक्सिन त्या एका ठिकाणी बनत होतं. डॉक्टरांनी महिन्यामहिन्यांच्या चिठ्ठ्या थांबवून थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, म्हणजे सगळ्यांना पुरतील. परदेशातूनही गोळ्या मागवल्या गेल्या. काही आठवड्यांत पुरवठा रुळावर येऊ लागला.

त्या दिवसांत या औषधाचा एक स्वभाव उपयोगी पडला. थायरॉक्सिन रक्तातून फार सावकाश जातं. निम्मं जायला साधारण आठवडा लागतो. म्हणून दोन-चार दिवस गोळी चुकली तर लगेच संकट येत नाही. पण याच स्वभावामुळे डोस बदलल्यावर खरा परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंचाहत्तर सुरू केली आणि चौथ्या दिवशी "बरं वाटतंय" म्हटलं, तर ते गोळीचं काम नसण्याचीच शक्यता जास्त. आणि आठव्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून शंभर केली, तर दोन महिन्यांनी छाती धडधडेल तेव्हा कारणही आठवणार नाही.

म्हणून ताई, तुमच्या फळीवरच्या बाटलीबद्दल. ती आईंची आहे, आईंच्या अंगासाठी मोजलेली. पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा त्यांना द्या. येणाऱ्या सगळ्याच आई-बाबांसाठी सांगते, डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं स्वतःपुरती एक महिन्याची आणता येतात. त्याहून जास्त मुक्काम असेल तर निघण्याआधी जपान सरकारचं "युन्यु काकुनिन्शो" हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

आणि तुमच्यासाठी, डॉक्टरांकडे जाताना एक वही न्या. दोन महिन्यांची. गोळी किती वाजता, त्याबरोबर काय खाल्लं, कोंबु किती वेळा, दुसऱ्या कुठल्या गोळ्या, झोप किती, पाळी कधी, नाडी किती. बायोटिन असलेली केसांची गोळी घेत असाल तर तीही लिहा, कारण तिच्यामुळे रक्ताचे आकडे चुकीचे येऊ शकतात. इथल्या फार्मसीतली "ओकुसुरी-तेच्यो", म्हणजे औषधांची नोंदवहीही बरोबर असू द्या. जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा आणि विचारा, आजार निघण्याआधी माझा टीएसएच किती होता? आता चौकटीत कुठे आहे, वरच्या कडेला की खालच्या? लोह आणि बी-12 पाहिलंय का? डोस थोडा बदलून दोन महिन्यांनी पाहता येईल का, आणि माझ्या वयाला, हृदयाला ते सोसेल का? पुढे मूल हवं असेल तर तेही आजच सांगा. गरोदरपणात पहिल्या आठवड्यांपासूनच गोळी वाढवावी लागते, तिथे थांबून चालत नाही.

ही वही म्हणजे मरेंची जुनी मोजपट्टी. रक्ताचा कागद म्हणजे नवी. दोन्ही एकाच टेबलावर आल्या तर डॉक्टरांना काम करता येतं.

आणि ताईंच्या घरच्यांना एक विनंती. हाशिमोतोंनी 1912 मध्ये चार बायकांच्या गळ्यात जे पाहिलं, ते मान्य व्हायला जगाला वीस वर्षं लागली. घरातल्या माणसाला तेवढा वेळ लागू नये. "रिपोर्ट नॉर्मल आहे" यानंतर "मग आता काय?" असं म्हणण्याऐवजी "मग आता काय पाहूया?" असं विचारा. तपासणीला बरोबर जा. तेवढा दिवस मुलांचा डबा तुम्ही भरा.

ताईंची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. वही सुरू झाली आहे, असं त्यांनी कळवलंय. पहिल्याच पानावर सापडलं ते असं, लोहाची गोळी आणि थायरॉईडची गोळी दोन्ही एकाच घोटात, तीन वर्षं. त्यानं सगळं उलगडेल असं नाही. पण डॉक्टरांना विचारायला आता त्यांच्याकडे एक नेमका प्रश्न आहे.

तुमच्याही घरात अशी वही असेल, किंवा हवी असेल, तर आम्हाला जरूर लिहा. औषध बदलण्याआधी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि एकमेकांची. नमस्कार!